अंगणातली वाडी

‘ताई, तुम्ही शिकवता कधी? आमची पोर तर नुसती खेळूनच येते.’

मी अंगणवाडीत रुजू झाले त्या पहिल्याच महिन्यात एका आजींनी दारात उभं राहून मला हे विचारलं. पुढं सत्तावीस वर्षं कुणी ना कुणी तेच विचारत राहिलं. उत्तर मला सापडलं ते ‘अंगणवाडी’ या शब्दाच्याच जन्मकथेत.

अंगणवाडी म्हटलं की लोकांना खिचडी, वजनकाटा आणि लसीकरण आठवतं. ती कामं मीही जीव लावून केली. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तिच्यासोबत हे नाव गावोगाव पोचलं. पण हे नाव त्याआधीच डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत रुळलं होतं.

ते रुळवणाऱ्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक राजकोटच्या अध्यापिका विद्यालयातलं मानाचं पद सोडून भावनगरला गिजुभाई बधेकांकडे गेल्या. गिजुभाईंनी तिथं १९२० साली बालमंदिर काढलं होतं आणि मारिया माँटेसरीबाईंची बालशिक्षणाची पद्धत ते आपल्या मातीत रुजवू पाहत होते. त्या पद्धतीतली साधनं फार नेमकी असतात. मनोऱ्याचे दहा घन घ्या: सगळ्यांत धाकटा एक सेंटिमीटरचा, पुढचा प्रत्येक एका सेंटिमीटरनं मोठा. चुकीचा ठोकळा मध्ये लागला की मुलाला स्वतःलाच दिसतं, बाईंना बोलावं लागत नाही. मला या साधनातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. पण असे ठोकळे घडवायला कसबी सुतार हवा आणि पैसा हवा. खेड्यात दोन्ही कुठून आणणार?

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला आल्या. सोबत पस्तिशीच्या अनुताई वाघ. त्यांनी समुद्राकाठचे शिंपले, बिया, खडे, पानं, माती हीच साधनं केली. लहानमोठं, गुळगुळीत-खरबरीत, हलकं-जड हे सगळं त्यातही होतंच. तरी दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. त्यांना दोष देण्याऐवजी ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली, एखाद्या घरापुढच्या अंगणात. ती अंगणवाडी! पुढं १९५७मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जायची, म्हणून शिक्षक त्यांच्यामागं कुरणात गेले आणि कुरणशाळा सुरू झाली.

हे वाचलं तेव्हा माझ्या अंगणवाडीत एक सतरंजी, एक फळा आणि भिंतीवर तक्ता एवढंच होतं. वरून आलेल्या खेळण्यांची पेटी कुलपात ठेवायची, मोडलं तर भरून द्यावं लागेल, असं मला बजावलेलं. कुलपातल्या खेळण्याचा मुलाला काय उपयोग? मी पावडरचे रिकामे डबे जमवले. दोन डब्यांत चिंचोके, दोनांत वाळू, दोनांत ज्वारी, दोनांत हुलगे. झाकणं चिकटवून टाकली. हलवायचं, कान द्यायचा, जोडी लावायची. सगळ्यांच्या आधी जोड्या लावल्या त्या वर्षभर तोंडातून शब्द न काढणाऱ्या एका मुलीनं. शेवटची जोडी जुळली तशी ती ‘माझं!’ म्हणून ओरडली.

ही त्याच आजींची नात. दुसऱ्या दिवशी आजी बघायला आल्या. मी त्यांच्या हातात डबे दिले. एकेक कानाशी नेत त्या सतरंजीच्या कडेला बसल्याच. ‘ह्यात हुलगं हायत,’ म्हणाल्या, झाकण न उघडता. मग म्हणाल्या, ‘ही जवारी. पर जुनी हाय, किडकी. आवाज पोकळ येतोय.’

पोरं त्यांच्या भोवती जमली. आजींनी दुपारपर्यंत डबे सोडले नाहीत, आणि उठताना विचारलं, ‘ताई, उद्या वालपापडीचं बी आणू का?’