पोट, मन आणि मायासृष्टि

पोटदुखीनें जेरीस आलेल्या मनुष्यास, सर्व तपासण्या निर्दोष ठरल्यावर, "तुम्हांला कांहीं झालेलें नाहीं, हें सगळें मनाचें आहे" असें सांगितलें जातें, तेव्हां त्याची अवस्था मोठी केविलवाणी होते. दुखणें तर आहे. पण दुखतें म्हणण्याचा अधिकार उरत नाहीं! हें वाक्य किती उथळ आहे, तें मागील दोनशें वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे वाचकांच्या ध्यानीं येईल.

१८२२ सालीं अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुण कामगारास चुकून बंदुकीचा बार लागला. लष्करी वैद्य विल्यम बोमाँट यांनीं त्याचे प्राण वाचविले. पण जठरास पडलेलें भोंक कायमचेंच राहिलें. त्यांतून दोऱ्यास बांधलेले अन्नाचे तुकडे आंत सोडून बोमाँट पचनक्रिया पाहूं लागले. रोगी संतापला कीं पचन बिघडतें, हें त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें व १८३३ सालच्या आपल्या ग्रंथांत नोंदलें. (वर्षानुवर्षें असे प्रयोग सोसणारा मनुष्य संतापे, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं.) पुढें हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनीं, नुकत्याच सांपडलेल्या क्ष-किरणांच्या साह्यानें, मांजराच्या जठराची हालचाल न्याहाळली. मांजर भेदरलें कीं ती हालचाल थांबे.

बिघाड मनाच्या वाटेनें पोटांत उतरतो, तर उपायही त्याच वाटेनें कां जाऊं नये? १९८४ सालीं मँचेस्टरच्या पीटर व्हॉरवेल यांनीं आंतड्यांच्या जुनाट विकाराचे ३० रोगी निवडले व त्यांतील कांहींवर संमोहनाचा प्रयोग केला. त्यांस स्पष्ट गुण आला. पण असे कुशल संमोहक गांवोगांव कोठून आणावयाचे?

येथें यंत्र पुढें आलें. या शतकाच्या आरंभीं सिअॅटल येथें हंटर हॉफमन हे भाजलेल्या रोग्यांस, जखमा धुतांना, डोळ्यांवरील यंत्रांतून बर्फाची आभासी सृष्टि दाखवीत; तीत मन गुंतलें कीं वेदना कमी जाणवत. हीच युक्ति पोटास लागू पडेल काय? मेयो क्लिनिकच्या वैद्यांनीं जुनाट अजीर्णाच्या ३७ रोग्यांवर दोन आठवडे केलेला प्रयोग २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींनीं सभोंवार पसरलेली मायासृष्टि पाहिली, कांहींनीं तशाच यंत्रांतून साधीं सपाट चित्रें. प्रयोग लहान आहे. शिवाय या यंत्रानें कित्येकांस मळमळतें, आणि पोटाच्या रोग्यास ही थट्टाच वाटावयाची! परंतु आम्हांस खरें कुतूहल निराळेंच आहे. साधीं चित्रें पाहणारांसही बरेंच बरें वाटलें. मग गुण कोणाचा म्हणावयाचा—मायेचा, कीं दोन आठवडे कोणी तरी त्यांचें दुखणें खरें मानलें याचा?