आबांचा कामरेड

सोमवारच्या बाजारातून आई अंबाडीच्या जुड्या आणायची आणि आबा निवडायला बसायचे. बोलता बोलता त्यांचा अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, तुटलेलं सूत जोडल्यासारखा. ही सवय नागपूरची. तरुणपणी आमचं गाव इंद्रवेल्ली सोडून ते तिथल्या एम्प्रेस मिलमध्ये लागले होते, म्हातारपणी गावी परतले. टाटांची, १८७७ सालची गिरणी. पाळी सुटली की मिशीतसुद्धा कापूस असायचा, असं आजी सांगे.

आबांच्या तोंडी एक नाव हटकून यायचं, कामरेड बर्धन. अर्धेंदू भूषण बर्धन जन्मानं बंगाली, पण पोरवयात नागपूरला आले नि नागपूरचेच झाले. "आपल्यासारखंच मराठी बोले गा," आबा म्हणत. विद्यार्थी चळवळीतून ते कामगारांत आले; गिरणीवाले, वीजवाले, रेल्वेवाले, सगळ्यांचे झाले. १९५७ साली नागपुरातून अपक्ष उभे राहून आमदार झाले. त्या रात्री वस्तीत गूळ वाटला की पेढे, आबा दर खेपेला वेगळं सांगत. मला गूळच खरा वाटतो, कारण गूळ म्हणताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा.

पुढं बर्धन लोकसभेला १९६७ साली पडले, १९८० सालीही पडले. आबा म्हणत, "पडला, पण गिरणीच्या दारातून हलला नाही."

२० एप्रिल १९८१, सोमवारच होता. जमिनीचे पट्टे मागायला जमलेल्या गोंड शेतकऱ्यांवर इंद्रवेल्लीत पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्यांचा सरकारी आकडा १३ चा. गावानं तो कधीच मानला नाही. आई रिकाम्या पिशवीनं परतली. चूल पेटली नाही. मी लहान होतो, बाकी सगळं पुसट आहे. आबांची बोटं तेवढी आठवतात. ती थांबली होती. "आम्ही एक झालो तर पगार वाढला," एवढंच ते म्हणाले.

बर्धन पुढं आयटक या कामगार संघटनेचे सरचिटणीस झाले, १९९६ पासून २०१२ पर्यंत भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे. दिल्लीतही राहिले पक्षाच्या कचेरीतच. आदिवासींच्या प्रश्नावर त्यांनी लिहिलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. ते ऐकायला आबा हवे होते.

२ जानेवारी २०१६ ला बर्धन गेले. पुढच्या सोमवारी मी अंबाडी निवडत बसलो. आई माझ्या हाताकडं बघत राहिली. माझाही अंगठा तर्जनीवर फिरत होता.