हाताच्या सावलीचा इतिहास

मराठीत त्यांना आपण ‘क्ष-किरण’ म्हणतो. शाळेतल्या बीजगणितात अज्ञात राशीला जो ‘क्ष’ धरतात, तोच हा ‘क्ष’. गुजराती आणि कन्नडनेही हेच अक्षर घेतले. बंगालीने मात्र शोध लावणाऱ्याचे नाव जपले. राँटजेनचा ‘रंजन’ झाला आणि किरणांची ‘रंजन-रश्मि’. तमिळमध्ये ‘ऊडुकदिर’ असा एक शब्द आहे, म्हणजे आरपार जाणारा किरण. आणि सर्वसामान्य माणूस या सगळ्या परिभाषेला बगल देऊन सांगतो, ‘डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय.’

असे फोटो काढण्यात माझी एकतीस वर्षे गेली, बडोद्याच्या एका रुग्णालयात. ‘श्वास रोको’, ‘साँस रोकिए’, ‘श्वास रोखून धरा’ हे शब्द मी दिवसातून किती वेळा उच्चारले असतील याची गणती नाही. या किरणांचा शोध कसा लागला हे पुष्कळांना ठाऊक असते. ते मोजायला माणूस कसा शिकला, ही गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. शोधानंतर कितीतरी वर्षे क्ष-किरण तपासण्याचे सर्वांत हाताशी असलेले साधन म्हणजे चालकाचा स्वतःचा हातच होता.

८ नोव्हेंबर १८९५. जर्मनीतील वुर्झबुर्ग विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक विल्हेल्म राँटजेन एका काचेच्या नळीवर प्रयोग करीत होते. नळीतली बहुतेक हवा काढून टाकलेली, आत धातूचे दोन अग्र, आणि बाहेर रूमकॉर्फच्या वेटोळ्यातून मिळणारी अतिउच्च दाबाची वीज. नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेली होती आणि खोलीत अंधार होता. तरीही काही अंतरावरचा बेरियम प्लॅटिनोसायनाइड लावलेला कागद चमकू लागला. पुढचे काही आठवडे राँटजेन प्रयोगशाळेतच राहिले. वाटेत पुस्तक ठेव, लाकडाची फळी ठेव, धातूचा पत्रा ठेव, असे करत त्यांनी या किरणांची परीक्षा घेतली. २२ डिसेंबरला पत्नी बेर्टा यांचा हात त्यांनी छायाचित्रणाच्या काचपट्टीवर सुमारे पंधरा मिनिटे ठेवायला लावला. बोटांची हाडे आणि अंगठी उमटली. २८ डिसेंबरला शोधनिबंध सादर झाला. त्यात त्यांनी या किरणांना केवळ सोयीसाठी ‘एक्स’ म्हटले आहे. नळी आणि पडदा यांच्यामध्ये हात धरला तर हाताच्या फिकट सावलीत हाडांची गडद सावली दिसते, हेही त्याच निबंधात आहे.

म्हणजे हात पहिल्या दिवसापासून या गोष्टीत आहे. २३ जानेवारी १८९६ रोजी वुर्झबुर्गमध्ये राँटजेन यांनी जाहीर व्याख्यान दिले, तेव्हा सभेतले वयोवृद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ आल्बर्ट फोन क्योलिकर यांनी आपला हात पुढे केला. त्याचे चित्र सर्वांसमोर घेतले गेले आणि किरणांना राँटजेनचे नाव द्यावे अशी सूचना क्योलिकर यांनीच केली. राँटजेन यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. त्यामुळे नळी, वेटोळे आणि पडदा ज्याच्यापाशी होता, त्या प्रत्येकाने काही आठवड्यांतच तोच प्रयोग करून पाहिला. आणि प्रत्येकाने आधी हातच धरला. हात पातळ असतो, त्यात हाडांची स्पष्ट रचना असते आणि तो नेहमी बरोबर असतो.

हा कुतूहलाचा खेळ पुढे रोजचे काम का झाले, हे कळण्यासाठी त्या नळीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. तिच्यात थोडा वायू मुद्दाम शिल्लक असे. उच्च दाबाची वीज सोडली की वायूच्या रेणूंचे आयन होत, ते ऋणाग्रावर आदळत आणि तेथून इलेक्ट्रॉन सुटत. हे इलेक्ट्रॉन वेगाने समोरच्या धातूवर किंवा काचेवर आपटत आणि क्ष-किरण निर्माण होत. अडचण अशी की वापरता वापरता हा वायू काचेत शोषला जाई. वायू कमी झाला की नळी ‘कठीण’ होई. तिला जास्त दाब लागे आणि तिचे किरण इतके भेदक होत की मांस आणि हाड यांत फरकच उरत नसे. वायू जास्त असला तर नळी ‘मऊ’, आणि किरण त्वचेच्या फार पुढे जात नसत. सकाळी चांगली चालणारी नळी दुपारी वेगळीच वागे. दिवा लावल्यावर उजेड किती पडेल हे दर वेळी नव्याने पाहावे, तशी गत.

म्हणून चालक काय करी? रुग्णाला झोपवण्याआधी नळी चालू करून आपला हात पडद्यासमोर धरी. हाडे काळीकुट्ट दिसली तर नळी मऊ आहे. हाडे फिकट दिसली तर कठीण आहे. मनासारखी छटा दिसली की रुग्णाला बोलवायचे. दिवसातून दहा-वीस वेळा, महिनोन्‌महिने, एकच हात.

क्ष-किरण अंगावर पडताना काहीही जाणवत नाही. ना ऊब, ना चटका. त्वचा लाल होते ती काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, आणि कर्करोग उगवतो तो वर्षांनी. हाताने किरणांची भेदकता लगेच सांगितली, पण किरणांचा हिशेब मात्र अतिशय सावकाश मांडला. ज्यांनी हात धरला त्यांना तो हिशेब वाचता आला तोवर उशीर झाला होता.

क्लॅरन्स डॅली हा एडिसनच्या प्रयोगशाळेतला काच फुंकणारा कारागीर. १८९६ मध्ये एडिसनने कॅल्शियम टंगस्टेटचा पडदा असलेले क्ष-किरणदर्शक बनवले, तेव्हा नळ्या बनवण्याचे आणि तपासण्याचे काम डॅलीकडे होते. हात भाजले, जखमा भरेनात, कर्करोग झाला. तुकड्या-तुकड्याने दोन्ही हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो वारला. एडिसनने क्ष-किरणांवरचे काम कायमचे सोडून दिले. सॅन फ्रान्सिस्कोत एलिझाबेथ फ्लाइशमन नावाची हिशेबनीस तरुणी १८९६ मध्ये हे तंत्र शिकली आणि तिने स्वतःची प्रयोगशाळा काढली. फिलिपाइन्सहून परतलेल्या जखमी सैनिकांच्या शरीरातल्या गोळ्या तिने अचूक दाखवून दिल्या. १९०५ मध्ये तिचा हात कापला आणि त्याच वर्षी ती गेली. फिलाडेल्फियाचे डॉ. मिहरान कसाबियन यांनी स्वतःच्या हातांची हळूहळू होणारी नासाडी छायाचित्रे काढून नोंदवून ठेवली. ते १९१० मध्ये गेले.

कोणीच सावध केले नाही असे नाही. बोस्टनचे दंतवैद्य विल्यम रॉलिन्स यांनी १९०१ मध्ये गिनिपिगांवर प्रयोग करून हे किरण प्राण्याला मारू शकतात हे दाखवले होते. नळी किरण न गळणाऱ्या पेटीत ठेवावी, असेही ते सांगत होते. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. खुद्द राँटजेन बरेचसे प्रयोग जस्ताच्या पत्र्याच्या खोक्यात बसून करीत. छायाचित्रांच्या काचपट्ट्या आणि मापने बिघडू नयेत हा त्यांचा हेतू होता, पण त्या आडोशाने त्यांच्या शरीराचेही रक्षण झाले असणार.

आपल्याकडे ही यंत्रे फार लवकर आली. १८९७-९८ च्या वायव्य सरहद्दीवरील तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी क्ष-किरणांचे यंत्र नेले आणि जखमींच्या शरीरातल्या गोळ्या शोधल्या. रणभूमीवर क्ष-किरण वापरल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक आहे. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी असे उपकरण जुळवले होते. पाठ मोडलेल्या एका रुग्णाची त्यावर तपासणी करायची असल्याचा उल्लेख त्यांनी रवींद्रनाथांना लिहिलेल्या पत्रात येतो. विद्युतलहरींवर काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ, त्याचा कवी मित्र आणि मध्ये एक मोडलेले हाड. ‘रंजन-रश्मि’ हा शब्द मी वाचतो तेव्हा मला हे पत्र आठवते.

या काळात मोजमापाचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. काहींनी आपल्या हाताऐवजी सांगाड्याचा हात पडद्यामागे धरण्याची तोड काढली. १९०४ मध्ये साबुरो आणि न्वारे या फ्रेंच डॉक्टरांनी किरणांनी रंग बदलणाऱ्या छोट्या चकत्या वापरात आणल्या. पण उपचारात बराच काळ चाललेले माप होते ते ‘त्वचा लाल होण्याइतकी मात्रा’. हेही शेवटी शरीरावरच वाचायचे माप, आणि गोऱ्या त्वचेवर ठरवलेले.

खरी सुटका झाली ती १९१३ मध्ये, आणि तीही दिव्याच्या कारखान्यातून. अमेरिकेतील स्कनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत विल्यम कूलिज यांनी ठिसूळ टंगस्टनची तार ओढण्याची पद्धत शोधली होती, ती विजेच्या दिव्यांसाठी. तीच तार त्यांनी क्ष-किरणांच्या नळीत घातली. नळीतला वायू जवळजवळ पूर्ण काढून टाकला आणि इलेक्ट्रॉन मिळवण्यासाठी तार तापवली. तार जितकी तापेल तितके इलेक्ट्रॉन अधिक. विजेचा दाब जितका जास्त तितका त्यांचा वेग अधिक. आधी एकमेकांत गुंतलेल्या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. किरण किती हवेत हे एका खुंटीने ठरवायचे आणि ते किती भेदक हवेत हे दुसरीने. एकदा लावलेला आकडा उद्याही तेच चित्र देणार. पडद्यासमोर हात धरण्याचे कारणच संपले.

मी ज्या यंत्रांवर काम केले ती सगळी या नळीची नातवंडे. आत तापलेली तार, समोर टंगस्टनची तिरपी तबकडी. शंभर किलोव्होल्टचा दाब दिला की इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने तबकडीवर आदळतात. टंगस्टनच्या अणुकेंद्राजवळून जाताना ते वळतात, त्यांचा वेग अचानक कमी होतो आणि गमावलेली ऊर्जा क्ष-किरण होऊन बाहेर पडते. काही इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉनच उडवून लावतात. ती जागा भरताना टंगस्टनचे स्वतःचे, ठरावीक ऊर्जेचे किरण निघतात. या साऱ्या खटाटोपात किरण होते ती जेमतेम एक टक्का ऊर्जा. उरलेली नव्व्याण्णव टक्के निव्वळ उष्णता. म्हणून ३४०० अंश सेल्सियसपर्यंत न वितळणारे टंगस्टन, म्हणून ती तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत फिरत ठेवायची, आणि म्हणून नळीभोवती तेल.

पुढचे काम हाडातले कॅल्शियम करते. मांसातल्या कार्बन, ऑक्सिजनपेक्षा त्याचा अणू जड, त्यामुळे ते किरण अधिक अडवते. फिल्मवर हाड पांढरे दिसते ते तिथे किरण पोचले नाहीत म्हणून. हाताला पन्नासच्या आसपास किलोव्होल्ट पुरतात, छातीसाठी शंभरच्या वर जातो. शरीरात विखुरलेले किरण चित्र धूसर करतात. ते गाळणारी जाळी गुस्टाव बुकी यांनी त्याच १९१३ च्या सुमारास आणली. मेजाखालच्या कॅसेटच्या खणाला आमच्याकडे वॉर्डबॉयसुद्धा ‘बकी’च म्हणतो. हे एका माणसाचे नाव आहे, हे मी कित्येक नवशिक्या तंत्रज्ञांना सांगितले आणि दर वेळी त्यांना ते खोटे वाटले.

१९२८ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ‘राँटजेन’ हे एकक मान्य झाले. किरण हवेत किती विद्युतभार निर्माण करतात यावर ते आधारलेले होते. मोजणी त्वचेवरून हवेवर आली. किरणांपासून संरक्षणाचा विचार करणारी आंतरराष्ट्रीय समितीही तेव्हाच स्थापन झाली. आठ वर्षांनी, १९३६ मध्ये, हॅम्बर्गच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात क्ष-किरण आणि रेडियमवर काम करताना बळी पडलेल्यांचे स्मारक उभारले गेले. सुरुवातीला त्यावर दीडशेहून अधिक नावे होती. पुढे ती साडेतीनशेच्या वर गेली. डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, भौतिकशास्त्रज्ञ. कूलिज मात्र १०१ वर्षे जगले.

त्या नावांमुळे आज बटण दाबण्याआधी तंत्रज्ञ शिशाच्या काचेमागे जातो. रुग्णाला कधी कधी हे खटकते. ‘मला इथे एकटे सोडून तुम्ही का पळता?’ असे एका आजींनी मला विचारले होते. मी सांगितले, ‘आजी, तुम्हाला वर्षातून एकदा, मला दिवसातून साठदा.’ त्यांना ते पटले.

छातीपाशी, शिशाच्या एप्रनच्या आत, आम्ही एक छोटा बॅज लावतो. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. पडलेले किरण त्या साठवून ठेवतात, आणि तापवल्या की साठवलेल्या प्रमाणात उजळतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने भारतात रुजवलेली ही पद्धत. दर तीन महिन्यांनी बॅज वाचनासाठी जातो आणि आकड्यांचा कागद येतो. नव्या मुलांना हा बॅज म्हणजे तपासणी आली की लावायचे ओळखपत्र वाटते. तो खुंटीवर टांगून ती आत जातात. तेव्हा मी त्यांना बॅजचे नियम सांगत बसत नसे. डॅलीची गोष्ट सांगत असे. बॅजसुद्धा उशिराच बोलतो, तीन महिन्यांनी. पण तो बोलतो तेव्हा हात जागेवर असतात.