सुटे सूत्र आणि त्याचा प्रसंग

मी मूळचा अचलपूरचा, आणि पोटासाठी यंत्रांची माहितीपुस्तके लिहितो. पंप कसा बसवायचा, झाकण केव्हा उघडायचे, कोणता भाग किती दिवसांनी बदलायचा, असले लिखाण. त्याला वाङ्मय कोणी म्हणत नाही. ते हाताशी असते तेव्हा वाचकाचे लक्ष पुस्तकात नसून पान्यावर असते. तरीही या धंद्यातल्या एका चुकीने मला आमच्या वऱ्हाडातल्या सातशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथांकडे नेले. त्याची ही हकिगत.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका कारखान्यासाठी गरम पाण्याच्या पंपांच्या नऊ नमुन्यांची पुस्तके सांभाळत होतो. पंप बंद केल्यावर झाकण उघडण्याआधी किती वेळ थांबायचे, ही सूचना नऊही पुस्तकांत होती. पुढे चाचण्या झाल्या आणि ती वेळ वाढवावी लागली. मी आठ पुस्तकांत दुरुस्ती केली. नववे राहून गेले. त्या नवव्या पुस्तकाबरहुकूम काम करणाऱ्या एका माणसाचा हात भाजला. हात बरा झाला, पण एकच वाक्य नऊ ठिकाणी लिहून ठेवणे ही कसली जोखीम असते, ते मला तेव्हा समजले.

यावर जगभर जो उपाय रूढ झाला, तो सांगायला सोपा आहे. पुस्तक सलग लिहायचे नाही; स्वतंत्र अर्थ असलेले छोटे घटक लिहायचे. एका घटकात एकच विषय. ‘हे काय आहे’ सांगणारा घटक वेगळा, ‘हे कसे करायचे’ सांगणारा वेगळा, आणि मापे-कोष्टके यांचा वेगळा. प्रत्येक घटक एकाच जागी ठेवायचा आणि ज्या पुस्तकाला हवा तिथे जोडून घ्यायचा. जोडणीचा क्रम सांगणारा एक नकाशा असतो. नकाशा बदलला की त्याच घटकांतून दुसरे पुस्तक उभे राहते. दुरुस्ती एकदाच करायची, ती सगळीकडे पोचते. अमेरिकेत रॉबर्ट हॉर्न यांनी १९६०च्या दशकात माहितीचे असे प्रकारवार तुकडे पाडण्याची पद्धत बांधली. आयबीएम कंपनीने २००१ साली ‘डिटा’ नावाची रचना मांडली आणि २००५मध्ये तिला खुल्या मानकाचे रूप आले. त्या नावातला ‘डी’ डार्विनचा आहे, कारण मूळ घटकप्रकारातून नवे प्रकार उत्क्रांत होतील अशी त्यात सोय आहे.

हे सारे शिकून मी एका दिवाळीला घरी आलो होतो. अचलपूरहून चांदूर बाजारमार्गे रिद्धपूरला जाणे आमच्याकडे नवलाचे नाही. लीळाचरित्रात आमचे गाव ‘अळजपूर’ म्हणून येते. श्रीचक्रधरस्वामींचा इथे मुक्काम झाला होता आणि अष्टमहासिद्धीचे स्थान अजून आमच्याकडे आहे. रिद्धपूर हे स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे गाव. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर त्यांचा परिवार तिथेच जमला. तिथल्या वाजेश्वरीच्या जागेपाशी म्हाइंभट्टांनी लीळाचरित्राचे काम केले, असे परंपरा सांगते. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट त्या खेपेला मी माझ्या धंद्याच्या कानांनी ऐकली.

तेराव्या शतकाच्या अखेरच्या त्या दशकांत म्हाइंभट्टांपुढे जो पेच होता, तो आठवणींचा होता. स्वामींनी स्वतः ग्रंथ लिहिला नव्हता. त्यांचे बोलणे अनेकांच्या स्मरणात विखुरलेले होते. म्हाइंभट्टांनी त्या त्या प्रसंगाला हजर असलेल्या माणसांना गाठले, त्यांच्याकडून ऐकले आणि नागदेवाचार्य म्हणजे भटोबास यांच्याकडून पडताळून घेतले. त्यातून जे उभे राहिले ते सलग चरित्र नाही. ‘लीळा’ हा त्याचा घटक आहे. प्रत्येक लीळेला तिचे नाव, बहुतेक वेळा स्थळ, हजर असलेली माणसे, झालेली गोष्ट आणि स्वामींचे बोल. काही लीळा दोन-तीन ओळींच्या आहेत, काही लांब आहेत, पण बहुतेक एकेकटी वाचली तरी कळते. त्यांची मांडणी एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा भागांत झाली.

दुसरे पाऊल केशिराजबास ऊर्फ केसोबास यांनी उचलले, आणि मला सर्वांत चकित केले ते त्याने. त्यांनी लीळांतून स्वामींची वचने वेगळी काढली आणि कालक्रम बाजूला ठेवून विषयवार लावली. अन्यव्यावृत्ती, युगधर्म, विद्यामार्ग, संहार, संसरण, उद्धरण, महावाक्य अशी प्रकरणे झाली. आचाराची वचने एकीकडे आली, विचाराची दुसरीकडे. हाच सूत्रपाठ. साधकाने कसे वागावे हे पाहायचे तर आता सारे चरित्र धुंडाळायला नको. त्याच केसोबासांनी दृष्टान्तपाठ रचला. त्यातल्या ११४ दृष्टान्तांचा साचा ठरलेला आहे : आधी सूत्र, मग स्वामींनी सांगितलेला दृष्टान्त, आणि शेवटी त्या दोहोंची सांगड घालणारे केसोबासांचे दार्ष्टान्तिक. म्हणजे मूळ वचन कोणते आणि संपादकाचे स्पष्टीकरण कोणते, याची गल्लत वाचकाच्या मनात होऊच नये. आमच्या कार्यालयात हा नियम पाळायला लावण्यासाठी मला वर्ष गेले.

पुढे स्थानपोथी आली. स्वामी कोणत्या गावी कुठे बसले, देऊळ कुठल्या तोंडाचे, ओटा दाराच्या कोणत्या बाजूला, एवढेच तीत नोंदले आहे. चरित्र सांगण्याचा किंवा उपदेश करण्याचा मोह तीत दिसत नाही. यात्रेकरूने पोथी उघडावी आणि त्या जागी जाऊन उभे राहावे. असे तीन प्रकारचे वाचक आणि तीन प्रकारची पुस्तके.

वाचक कोण, याचे भानही त्या मंडळींना होते. केसोबास संस्कृतात ग्रंथ रचायला निघाले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले. माझ्या म्हाताऱ्या बायका त्यामुळे लुबाडल्या जातील, अशा अर्थाचे त्यांचे उत्तर स्मृतिस्थळात आले आहे. पंडिताला संस्कृतात लिहिणे सोपे होते. नागदेवाचार्यांना मात्र पंथातल्या त्या म्हाताऱ्यांची काळजी होती.

इथवर पाहिले तर आपल्याकडे सारे आधीच होते, असे म्हणायचा मोह होतो. तो मी आवरतो. म्हाइंभट्टांना पुस्तके वेगाने छापायची नव्हती. गुरूचा एकही शब्द गमावू नये ही त्यांची तळमळ होती. शिवाय तेच सूत्र लीळेत, सूत्रपाठात आणि दृष्टान्तपाठात आले, तरी त्या तिन्ही ठिकाणांना बांधणारा दोर पोथीत नव्हता. तो पाठ करणाऱ्या माणसांच्या स्मरणात होता. प्रती होत गेल्या तसे पाठ फुटले. माझ्या नवव्या पुस्तकाचाच हा प्रकार. पण त्यांनी केलेली गोष्ट मला तेव्हा सुचली नव्हती. वेगळा पाठ मिळाला तर तो दडपला नाही. ‘वासना’ म्हणून मूळ पाठाशेजारी नोंदवला. एकीला असे आठवते, दुसऱ्याला तसे. कोणाचा पाठ, हेही पुष्कळदा सांगितले. हिराइसेचा पाठ अशाच नोंदींतून आपल्याला माहीत आहे.

आणखी एक अडचण त्यांनी ओळखली होती, ती मला कामातच कळली. घटकांची पद्धत सुरू केल्यावर मी झाकण उघडण्याची एक सुबक सूचना सगळीकडे जोडत होतो. कारखान्यातल्या एका जुन्या फिटरने ती वाचली आणि विचारले, ‘‘साहेब, हे कोणत्या पंपाचं हाय?’’ सूचना गार पाण्याच्या पंपासाठी लिहिलेली होती; मी ती गरम पाण्याच्या पुस्तकात घातली होती. छपाईआधी सापडली म्हणून निभावले. वाक्य अचूक होते, त्याचा प्रसंग गळाला होता.

सूत्रपाठाला हाच धोका होता. स्वामी एखाद्याला त्याची कुवत पाहून एक गोष्ट सांगत, दुसऱ्याला दुसरी. ते वचन लीळेतून उपटून नियमांच्या यादीत बसवले की ते सर्वांना सारखेच लागू आहे असे वाटते. म्हणूनच महानुभावांनी ‘प्रकरणवश’ हा वाङ्मयप्रकार जोपासला : हे सूत्र कोणत्या लीळेतले, कोणाला उद्देशून, कशावरून निघाले, ते सांगणारा. सुटे केलेले वचन त्याच्या घरी परत नेऊन दाखवायची ती सोय होती. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक घटकाच्या माथ्यावर तो कोणत्या यंत्रासाठी, कोणत्या स्थितीत आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिला, हे आम्ही नोंदवतो.

चौदाव्या शतकापासून हे ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत गेले आणि पंथाबाहेरच्यांना बंद झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे आणि आमच्या विदर्भाचे वि. भि. कोलते यांच्या संपादनांतून लीळाचरित्र आपल्या हाती आले. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही झाले आहे. तिथे जुन्या मराठीचा अभ्यास होईलच. माहिती जपावी आणि मांडावी कशी, याचाही धडा त्याच गावात शिकता येईल, असे मला वाटते.

दृष्टान्तपाठात जन्मांधांचा आणि हत्तीचा दृष्टान्त आहे. ज्याच्या हाती जो अवयव आला, त्याला हत्ती तसाच वाटला. घटक जोडताना तो मला अनेकदा आठवतो. गेल्या दिवाळीत मी त्या फिटरला फराळाचा डबा दिला. निवृत्त झाला तरी नवे पुस्तक छापण्याआधी मी अजून त्याला वाचायला देतो. तो पहिल्या पानावरच बोट ठेवतो आणि तोच प्रश्न विचारतो.