टेलनेटची बायनरी रीत आणि अडखळणारी डाउनलोड

टेलनेट हा अर्पानेटच्या अगदी सुरुवातीच्या, 1969 सालच्या काळातला नियमसंच. कळफलकापुढे बसलेल्या माणसाला दूरच्या संगणकाशी अक्षरांतून बोलता यावे, एवढेच त्याचे काम. मे 1983 मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी त्याला आज चालते ते रूप दिले. त्यात गृहीत धरलेले काल्पनिक टर्मिनल टेलिप्रिंटरच्या वळणाचे होते. सात बिटांची ॲस्की अक्षरे त्याला कळत. आठवा बिट त्याच्या गावीही नव्हता. 255 हा बाइट आदेशाची खूण होता, त्यामागून येणारा बाइट मजकूर न मानता हुकूम मानला जाई. कॅरेज रिटर्न, म्हणजे 13, एकटा पाठवता येत नसे. त्याच्या पाठोपाठ 10 किंवा 0 द्यावाच लागे.

संगणकावरून निरोप आणि फाइली यांची देवाणघेवाण करण्याच्या बुलेटिन बोर्डांचे घराणे वेगळे. वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी फेब्रुवारी 1978 मध्ये शिकागोत सुरू केलेला पहिला बोर्ड टेलिफोन आणि मोडेमवर चालत असे. मोडेमच्या तारेत जो बाइट शिरे तोच पलीकडे निघे, आणि एक्समोडेमसारख्या फाइल पाठवण्याच्या पद्धती याच भरवशावर रचल्या गेल्या. पुढे 1990च्या दशकात बोर्ड इंटरनेटवर आले तेव्हा मध्ये टेलनेट घुसले. बोर्डाचे सॉफ्टवेअर मात्र अजून आपण मोडेमशीच बोलतो आहोत असे समजून चालत होते.

भारतात हा पेच शेल खात्यांमुळे दुहेरी झाला. विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सेवा खुली केली. स्वस्तातल्या शेल खात्यात मोडेमने निगमाच्या युनिक्स यंत्रापर्यंत जायचे आणि परदेशातला बोर्ड गाठण्यासाठी तिथून टेलनेट चालवायचे, अशी रीत होती. सेवा सुरुवातीला महानगरांपुरतीच होती. जबलपूरसारख्या शहरातून जोडणी लावायची तर एसटीडीचे बिल चढणार, आणि अर्ध्यावर तुटलेली फाइल म्हणजे रोख नुकसान.

बिघाड कुठला हे बहुधा फाइल कुठे अडते त्यावरूनच कळते. नुसत्या शून्यांनी भरलेली फाइल एक्समोडेमने पाठवून पाहावी. दर 128 बाइटांच्या ब्लॉकआधी ब्लॉकचा क्रमांक जातो आणि लगेच 255 मधून तो क्रमांक वजा करून उरलेली संख्या जाते. आठवा बिट गळत असेल तर पहिल्याच ब्लॉकला 254 च्या जागी 126 पोचतो आणि एकही ब्लॉक स्वीकारला जात नाही. कॅरेज रिटर्नमागे कुणी शून्य घुसवत असेल आणि पलीकडे ते काढले जात नसेल, तर बारा ब्लॉक सुरळीत जातात आणि तेराव्याला, 1,536 बाइटांनंतर, गाडी थांबते. क्रमांकच 13 असल्याने त्यामागे नको असलेला बाइट येऊन बसतो. 255 दुप्पट केला जात नसेल तर 32,512 बाइट नीट पोचतात आणि 255 व्या ब्लॉकचा क्रमांक हुकूम समजून गिळला जातो. खऱ्या फाइलीत हे बाइट कुठेही असतात, म्हणून तिथे अपयश दरवेळी नव्या जागी दिसते आणि दोष उगाच फोनच्या लाइनीतल्या खरखरीवर ढकलला जातो.

यावरचा तोडगा टेलनेटमध्येच होता. बायनरी पाठवणीचा पर्याय, क्रमांक 0, मे 1983 मध्येच ठरला. एक बाजू ‘मी तसे पाठवीन’ म्हणते, दुसरी ‘पाठव’ म्हणते. हा करार दोन्ही दिशांना स्वतंत्र असतो, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते: बोर्डाकडून येणारी दिशा बायनरी झाली, जाणारी राहून गेली, की डाउनलोड चालते आणि अपलोड चालत नाही. युनिक्सच्या अनेक टेलनेट प्रोग्रॅमांत उणे आठ हा पर्याय दोन्ही दिशा एकदम मागतो. दुसरा गैरसमज असा की बायनरी म्हणजे सगळे नियम सुटले. कॅरेज रिटर्नचा नियम सुटतो. 255 मात्र बायनरीतही दुप्पटच पाठवावा लागतो, नाहीतर बायनरी संपवण्याचा हुकूम देणार कसा? 1986 साली चक फोर्सबर्ग यांनी केलेल्या झेडमोडेमने काही धोक्याचे बाइट आपणहून झाकले, पण 255 चा भार टेलनेटवरच राहिला.

हे संकट फाइलींपुरते नव्हते. 1991 च्या भारतीय प्रमाणात, इस्कीत, देवनागरी अक्षरे आठवा बिट लागणाऱ्या वरच्या अर्ध्यात बसवली होती. त्या संकेतात ‘ओमती’ हे जबलपुरातल्या वस्तीचे नाव म्हणजे 176, 204, 194, 220. सात बिटांच्या वाटेने ते पोचते तेव्हा पडद्यावर शून्याचा आकडा, रोमन एल, रोमन बी आणि एक उलटी तिरकी रेघ उमटते. आजच्या युटीएफ-8 मध्ये 255 कधीच येत नाही, त्यामुळे मराठी मजकूर हुकूम म्हणून गिळला जात नाही. पण आठवा बिट गळला तर ‘ओ’ चे 224, 164, 147 हे बाइट 96, 36, 19 होतात. यातला 19 म्हणजे थांबण्याचा इशारा. इशारे पाळणारी मोडेमची जोडणी तिथल्या तिथे गोठते आणि कंट्रोल-क्यू दाबेपर्यंत पुढचे अक्षर येत नाही.