परकीय पैसा आणि १९६७ ची निवडणूक
१२. बाहेरचा पैसा : १९६७ मध्ये काँग्रेसने उमेदवारी नाकारल्यावर माजी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन ईशान्य मुंबईतून अपक्ष लढले; काँग्रेसचे स. गो. बर्वे यांनी त्यांना हरवले. बर्वे यांच्या अकाली निधनानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनीही मेनन यांना पराभूत केले. त्या वर्षीच्या निवडणुकांत परदेशी पैसा खेळल्याच्या आरोपांची गुप्तचर विभागाने चौकशी केली. अहवाल प्रसिद्ध करण्यास गृहमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी नकार दिला. उमेदवार व पक्षांना परकीय देणग्या घेण्यास बंदी करणारा कायदा १९७६ मध्ये आला. पुढे भारतातील माजी अमेरिकी राजदूत मॉयनिहान यांनी काँग्रेसला अमेरिकी पैसा मिळाल्याचे १९७८ मध्ये लिहिले. सोव्हिएत गुप्तचर संस्था केजीबीतून फुटलेल्या मित्रोखिन यांच्या कागदपत्रांतून मेनन यांचे वजन वाढवण्याचे केजीबीचे प्रयत्न पुढे आले. अशा पैशाला आंतरराष्ट्रीय कायद्याने रोखता येते का? आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या निकाराग्वा निकालानुसार (१९८६) बेकायदा हस्तक्षेपात बळजबरी असावी लागते. गुपचूप दिलेला पैसा त्यात बसतो का, याबाबत कायदेपंडितांत एकमत नाही. म्हणूनच मतदाराची खरी भिस्त देशातल्या कायद्यावर आणि उघड्या हिशेबावर आहे. गुप्तचर विभागाचा तो अहवाल मतदारांसमोर यायलाच हवा होता. – संपादक