देह हजर करा

दिल्लीतल्या टिळक मार्गावर आपलं सर्वोच्च न्यायालय आहे. तिथे आजही रोज उच्चारला जाणारा एक लॅटिन शब्द म्हणजे हेबिअस कॉर्पस. पकडलेल्या माणसाचा देह न्यायालयापुढे आण, असा तो हुकूम. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तो सुटकेसाठी नव्हताच. खटल्याला माणूस हजर राहावा, एवढंच. 'का पकडलंस?' हा प्रश्न त्याला नंतर चिकटला आणि 1679 च्या कायद्याने त्याला धार आली. हिंदी संविधानात त्याला 'बंदी प्रत्यक्षीकरण' म्हणतात, मराठीत 'देहोपस्थिती'. शब्द जड आहे खरा, पण लॅटिनमधला देह त्यात शाबूत आहे.

मराठी मुलखाशी याची गाठ जुनी आहे. 1828 साली मुंबईचे न्यायाधीश सर जॉन पीटर ग्रँट यांनी पुण्याच्या पांडुरंग रामचंद्र या मातब्बर सरदारांना हुकूम धाडला: तुमच्या ताब्यातल्या मोरो रघुनाथ या मुलाला हजर करा. गव्हर्नर माल्कम आडवे आले. पुण्यावर तुमची हद्द चालत नाही, म्हणाले. चिडलेल्या ग्रँटसाहेबांनी 1829 मध्ये न्यायालयच बंद ठेवलं! पण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सरकारची बाजू उचलली.

आता पुन्हा दिल्लीत या. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांचे असे अर्ज नऊ उच्च न्यायालयांनी ऐकण्याजोगे मानले होते. सरकार अपिलात गेलं. सुनावणीत न्या. हंसराज खन्ना यांनी विचारलं, पोलिसाने वैरापोटी कुणाचा जीव घेतला तर? ॲटर्नी जनरल निरेन डे यांचं उत्तर होतं, आणीबाणी असेतो दाद नाही. 28 एप्रिल 1976 ला पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं मान्य केलं. त्यांत आपले पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. माल्कमनी निदान हद्दीचा वाद तरी घातला होता. इथे तर हद्द निर्विवाद होती.

एकटे खन्ना विरोधात गेले. जानेवारी 1977 मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. 1978 च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही जीविताच्या हक्काची दाद थांबवता येत नाही. 24 ऑगस्ट 2017 ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो जुना निकाल रद्द ठरवला. तो चुकीचा होता, असं लिहिणारे न्यायमूर्ती होते धनंजय चंद्रचूड, यशवंतरावांचे चिरंजीव.